न सापडलेली बाटली

डॉक्टर स्काहिलने हात पुढे केला, डॅडीने तो हातात घेतला, आणि डॅडी कळवळला. ओरडला नाही. कुत्र्याच्या पंज्यावर कुणाचा पाय पडला की ते जेवढं करतं तेवढाच आवाज. पण वेटिंगमध्ये आम्ही धरून चार माणसं आणि बाकी आवाज म्हणजे फक्त हीटरचा, त्यामुळे सगळ्यांनी मान वर केली आणि मग सगळ्यांनी एकदम खाली घातली, आपण इथे असंच करतो. स्काहिलने मात्र हात सोडला नाही. बाजारात बांगडा उलटसुलट करून बघतात तसा त्याने तो हात फिरवून बघितला, अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळाशी सुजलेली, ती दाबली. डॅडीने खिडकीबाहेर बघितलं. खाली शॉप स्ट्रीटवर एक पोरगा टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची बासरी, वाजवत होता, तेच तेच वाजवत होता, मला खाली जाऊन ती त्याच्या हातातून काढून घ्यावीशी वाटत होती. "कुठे जाऊन आलास रे टीअर्नन? स्पेन?" स्काहिल म्हणाला. डॅडी म्हणाला, कुठेच नाही. "रंग तर मस्त चढलाय. फेब्रुवारीत." डॅडी म्हणाला, वर विमानात वारा लागतो. "कॉकपिटच्या काचेच्या आत?" स्काहिल म्हणाला, हसला, पण डोळे त्या दोन बोटांवरच. मग त्याने डॅडीला आत नेलं आणि दार लागलं. आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

दर सहा महिन्यांनी ही पायलटची मेडिकल असते. चाळिशी उलटली आणि एकट्याने प्रवासी घेऊन विमान उडवायचं म्हटलं की वर्षातून दोनदा, डॅडी आता सेहेचाळीसचा. पंचवीस मिनिटं लागतात. मला माहीत आहे कारण मागच्या दोन्ही वेळेला मीच आले होते, गाडी मी चालवते. माझं लायसन्स शिकाऊ, गाडीला लाल एल लावलेला, शेजारी पक्क्या लायसन्सवाला माणूस बसायलाच हवा, म्हणून शेजारी डॅडी. त्याला वाटतं तो मला शिकवतोय. खरं म्हणजे त्याला आता स्टिअरिंग धरून तासभर बसवत नाही, हे मला कळतं आणि मला कळतं हे त्याला कळतं आणि आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोलत नाही. आमच्या घरात बरण्यांची झाकणं मी उघडते. ख्रिसमसपासून त्याच्या शर्टाची वरची बटणं मी लावते, तो म्हणतो घाई आहे गं. शाळेत होते तेव्हा बाई म्हणायच्या ब्रॉनाचं लक्ष नसतं. लक्ष होतं, फक्त फळ्यावर नव्हतं. एक दिवस त्यांनी वर्गासमोर विचारलं, तुझ्या डोक्यात नक्की चाललंय काय, मी सांगितलं काय चाललंय ते, आणि मग परत गेलेच नाही. आता मी प्रॉमेनेडवर, समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, चिप्सच्या दुकानात तळणीवर उभी असते आणि माझ्या कपड्यांना कायम तेलाचा वास येतो, आणि तरी माझंच लक्ष असतं. पस्तीस मिनिटं झाली होती. चाळीस.

आणि मला सकाळचा फॉर्म आठवत होता. फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा, छापून न्यायचा आणि सही डॉक्टरसमोर करायची. त्याच्या बोटांना की दाबल्या की कळ जाते, म्हणून टाइप मी करते. तो मागे उभा, चहाचा मग दोन्ही तळव्यांत धरून. वडील, हयात की नाही? नाही. वय? एक्कावन्न. कारण? "हार्ट," तो म्हणाला. मी थांबले. "हार्ट लिही, ब्रॉना." मी म्हटलं, डॅडी. तो म्हणाला, "तुला टाइप करायला सांगितलंय, कबुलीजबाब घ्यायला नाही." मी टाइप केलं. मागच्या तपासण्यांत कधी लिव्हरचं काही निघालंय का? "नाही," तो म्हणाला. चिनी हॉटेलाच्या मेनूंच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आमच्या नेहमीच्या डॉक्टरचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र आहे, लिव्हरचे आकडे वाढलेत, परत तपासायला या. तो परत गेला नाही. मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. एवढी जोरात दाबली की माऊस टेबलावरून सरकला.

आमच्या घरात लिव्हर हा शब्द म्हणजे दारू. आजोबांमुळे. आजोबा बेटावरचे. डॅडी जिथे रोज विमान नेतो तेच बेट, नऊ मिनिटं जायला, दहा मिनिटं थांबायला, नऊ मिनिटं यायला. मी आजोबांना बघितलं नाही, फोटो बघितलाय. होडीजवळ उभा उंच माणूस, कोटाच्या कॉलरवर येशूच्या हृदयाची छोटी पिन. ती पिन लावली म्हणजे त्या माणसाने आयुष्यभर दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलीय. चौदाव्या वर्षी घेतली, लग्नात सुद्धा लिंबू सरबत. आणि मग पन्नाशीला तो माणूस पिवळा नाही, तपकिरी व्हायला लागला, पोट फुगलं, आणि इथे गॉलवेच्या हॉस्पिटलात कुणीतरी कागदावर लिव्हर सिरोसिस लिहिलं. एवढंच लिहिलं. बाकीचं बेटाने लिहिलं. पिन लावून पीत होता. होडीत पीत असणार, एकटाच जायचा ना. आजीने शेडमध्ये शोधलं, गवताखाली शोधलं, जाळ्यांच्या पेटीत शोधलं. बाटली सापडली नाही. आणि बाटली सापडली नाही म्हणून कुणी म्हणालं का की बुवा नसेलच पीत? नाही. सगळे म्हणाले, बाप रे, किती बेरकी. हे मला ऐकूनसुद्धा एवढा संताप येतो की हातातलं काहीतरी फेकावंसं वाटतं, आणि मी तर नंतर जन्मलेली. डॅडी तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याने वर्गात ऐकलं, बोटीवर ऐकलं, चर्चच्या पायरीवर ऐकलं, आणि काही बोलला नाही. विमान शिकला, आणि गंमत बघा, परत येऊन नोकरी धरली ती त्याच लोकांना इकडून तिकडे न्यायची. पण बेटावर उतरला की धावपट्टी सोडून पुढे जात नाही. सामान उतरवतो, सामान चढवतो. दफनभूमीची भिंत तिथून दिसते.

आणि म्हणून तो शुक्रवारी एक पाइंट बिअर पितो. एकच, कोपऱ्यावरच्या पबमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं. त्याला ती काळी बिअर आवडत नाही. औषध घ्यावं तसं तोंड करून पितो. मी एकदा विचारलं, मग पितोस कशाला? म्हणाला, जो चारचौघांत एक पितो त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही की चोरून दहा पितो. मला हसावं की रडावं कळेना. ड्रॉवरमधलं ते पत्र आलं तेव्हा त्याने तो एकसुद्धा सोडला, तीन महिने, आकडे आपोआप उतरतील म्हणून. मग पबमधला माणूस म्हणाला, काय टीअर्नन, सोडलीस की काय, आणि पुढच्या शुक्रवारी हा परत खिडकीत. आणि वर डेलिया आत्या. डॅडीची मोठी बहीण, आमच्या मागच्या गल्लीत राहते. मॅम, म्हणजे माझी आई, घर सोडून लिमरिकला राहायला गेली तेव्हापासून आत्याने डॅडीचं पोट ही स्वतःची जबाबदारी समजलीय. दोन वर्षं तो दमलेला असतो, जेवता जेवता डोळे मिटतात, तर हिचं निदान तयार: रक्त कमी आहे. मंगळवारी कांदा घालून मेंढीची कलेजी. शनिवारी सकाळी काळं पुडिंग, म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज. रोज एक चमचा लोहाचं टॉनिक, त्यावर संत्र्याचा रस, त्याने लोह अंगी लागतं म्हणे. "खा," ती म्हणते, "खा रे, चेहरा बघ कसा झालाय." आणि तो खातो. तिला नाही म्हणायचं म्हणजे बोलावं लागेल ना.

पन्नासाव्या मिनिटाला दार उघडलं आणि स्काहिल म्हणाला, "ब्रॉना, जरा आत येतेस?" डॅडी उघड्या अंगाने बसला होता, छातीला ईसीजीच्या वायरी चिकटवल्याच्या गोल खुणा. अंगाचा रंग त्या पांढऱ्या दिव्यात मला पहिल्यांदा नीट दिसला. उन्हाचा नव्हता. उन्हाचा रंग कॉलरपाशी थांबतो. हा सगळीकडे सारखा होता, जुन्या चमच्यासारखा. स्काहिलच्या हातात फॉर्म. "तुझे आजोबा कशाने गेले?" मी डॅडीकडे बघितलं. डॅडी जमिनीकडे बघत होता, पायातल्या मोज्यांकडे, एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मला तेव्हा एवढी चीड आली. स्काहिलची नाही. त्या भोकाची. डोक्यापेक्षा उंच लाटांवरून आडव्या वाऱ्यात विमान उतरवणारा माणूस, बेटावरची बायामाणसं ज्याच्या भरवशावर डोळे मिटून माळ ओढतात तो, आणि इथे शाळेत पकडलेल्या पोरासारखा मोज्यांकडे बघतोय, कशासाठी, तर तीस वर्षांपूर्वी चर्चच्या पायरीवर कुणीतरी काहीतरी म्हणालं म्हणून. "लिव्हर," मी म्हटलं. "लिव्हरने गेले. आणि याच्या लिव्हरचे आकडे दोन वर्षांपूर्वी वाढलेले आलेत, पत्र घरी आहे." डॅडीने डोळे मिटले. "इथे हार्ट लिहिलंय," स्काहिल म्हणाला. "मी टाइप केलंय." "कुणी सांगितलं?" "कुणी नाही. मीच." स्काहिलने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग त्याने ते पान काढून फाडलं आणि टोपलीत टाकलं. "बरं झालं, अजून सही झालेली नाही. नवीन भरू." मग डॅडीला म्हणाला, "पीत होते का ते?" आणि डॅडीने जे उत्तर दिलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाला, "माहीत नाही." सख्खा मुलगा. तीस वर्षं. माहीत नाही.

स्काहिलने स्टूल ओढलं. म्हणाला, नीट ऐक. काही माणसांचं शरीर खाण्यातलं लोह घेतं आणि सोडत नाही. साठवत राहतं, सांध्यांत, लिव्हरमध्ये, हृदयात, कातडीत. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्हीकडून ती खोड आली तर. "या किनाऱ्यावर ज्याला त्याला विचार, कुणाच्या ना कुणाच्या घरात आहे. दारूचा संबंध नाही. सरबत पिऊनसुद्धा माणूस सिरोसिसने जातो." डॅडी अजून मोज्याकडेच बघत होता. मला वाटलं ऐकलं नाही. "मी अजून खात्रीने सांगत नाही, रक्त तपासू. पण आज मी सही करू शकत नाही, टीअर्नन." आणि हे मात्र त्याने ऐकलं. वर बघितलं. "उद्या सकाळी आठला माझी फेरी आहे," तो म्हणाला. स्काहिल म्हणाला, "नाहीये."

बाहेर आलो. गाडीत बसलो. सांता मारिया चर्चच्या वळणावर मी इंडिकेटर द्यायला विसरले आणि तो काही बोलला नाही, एरवी माझा उद्धार केला असता. प्रॉमेनेडवर गाडी लावली कारण मला पुढे चालवता येईना, डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. आम्ही चालत सुटलो, तो पुढे, मी मागे. रस्त्याच्या शेवटी एक भिंत आहे, चालायला येणारा प्रत्येक जण तिला पायाने ठोकून परत फिरतो, का ते कुणाला माहीत नाही, पण ठोकल्याशिवाय फिरणं झालं असं कुणी धरत नाही. त्याने बुटाच्या टोकाने हलकेच टेकवलं. मी लाथ मारली. अंगठा असा ठणकला की मी तिथेच बसले. "बरं वाटलं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "तू दोन वर्षं पत्र लपवलंस." तो म्हणाला, "तू दोन मिनिटांत वाचून दाखवलंस." आणि चार दिवस बोलला नाही. चार दिवस मी स्वतःच्या मनात त्याच्याशी भांडले, तळणीसमोर उभी राहून, आणि एका बाईच्या चिप्स कोळसा केल्या. माझं बरोबर होतं. प्रत्येक भांडणात माझंच बरोबर होतं. आणि तरी रात्री त्याच्या खोलीतून विमानतळावरचं बोलणं पकडणाऱ्या वायरलेसचा आवाज यायचा, तो घरी बसून ऐकायचा, कोण उडालं, कोण उतरलं, आणि तो आवाज आला की मी एवढी बरोबर असूनसुद्धा उशी कानावर घ्यायचे.

मग रिपोर्ट आला. लोहाच्या साठ्याचा आकडा तीनशेच्या आत हवा, याचा एकोणीसशे. खोड दोन्हीकडून आलेली. आणि उपाय काय म्हणाल तर हसाल. रक्त काढायचं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, जुन्या काळी न्हावी काढायचे तसं. दर आठवड्याला अर्धा लिटर, म्हणजे जवळजवळ एक पाइंट, आणि हॉस्पिटलने वार दिला तो नेमका शुक्रवार. डॅडी त्यावर पहिल्यांदा हसला. नर्स म्हणाली काय झालं, तो म्हणाला काही नाही, शुक्रवारचा नेम आहे माझा. मी त्याच्या शेजारी बसायचे. ती नळी भरायची, पिशवी डुलायची, रक्त गडद, जवळजवळ काळं. मी बघत बसायचे आणि मला वाटायचं यातून आता काय काय निघतंय, कलेजी, पुडिंग, आत्याची सगळी माया, थेंब थेंब. रक्त काढल्यावर चोवीस तास उडवायचं नाही असा नियम आहे, पण ते उडवणाऱ्यांसाठी. याला तर मुळातच बसवून ठेवलेलं. लिव्हरचा स्कॅन झाला. उशीर झालेला नाही, जेमतेम. हृदयाचा झाला. साखरेची तपासणी झाली. सगळं ठीक. मला वाटलं, संपलं. काय बावळट होते मी.

विमान खात्याच्या मुख्य कार्यालयातून पत्र आलं की हृदयाचा रिपोर्ट पाठवा. पाठवला होता. परत पाठवला. पत्र आलं की लिव्हरच्या तज्ज्ञाचं मत जोडा. जोडलं. पत्र आलं की तज्ज्ञाच्या मतावर तारीख नाही. होती, पानाच्या मागे होती. मी फोन केला, तर तिकडची बाई म्हणाली, तुम्ही अर्जदार का, मी म्हटलं मी त्याची बोटं आहे, ती म्हणाली अर्जदारालाच बोलावं लागेल. डॅडीने फोन घेतला आणि नम्रपणे "हो, हो, आभारी आहे" म्हणून ठेवून दिला. "काय म्हणाली?" "वाट बघा म्हणाली." "आणि तू आभार मानलेस!" जूनमध्ये आलेलं पत्र सगळ्यात भारी. उडवायला परवानगी देता येईल, अट एकच, शेजारी दुसरा पायलट हवा. मी नाचले. आणि डॅडीने पत्र घडी करून ठेवलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या त्या विमानात माणसं नऊ. पायलट एक. त्याच्या शेजारची सीट आहे, पण तिथे प्रवासी बसतो. चढायच्या आधी सगळ्यांचं वजन करतात, सामानासकट, आणि वजन बघून कुणी कुठे बसायचं ते ठरतं, आणि पुढच्या सीटवर बहुधा बेटावरची बाब्स बसते, ऐंशीची, मांडीवर कोंबड्यांच्या खाद्याची पिशवी घेऊन. तिथे दुसरा पायलट बसवायचा तर कंपनीला ती फेरी परवडणारच नाही. म्हणजे अट नाही ती, नकार आहे, इस्त्री केलेला. स्काहिलला सांगितलं, तर तो म्हणाला, साठा उतरू दे, अट काढायला मी लिहितो, सप्टेंबरपर्यंत धर. आणि बेटावर काय म्हणत होते? बाब्सने बंदरावर मला गाठून विचारलं, "काय गं, तुझ्या बापाचं लिव्हर म्हणे?" आणि मानेने अशी खूण केली, पेला रिकामा करायची. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आत्याला मी सांगितलं होतं, मार्चमध्येच, ती तव्यावर कलेजी परतत होती तेव्हा. म्हटलं, रक्त कमी नाही त्याचं, लोखंड जास्त आहे, डॉक्टर म्हणाला दारूशी संबंध नाही, आजोबांनाही हेच असणार. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल देवा, मीच घातलं रे त्याला दोन वर्षं. तिने गॅस बंद केला. तवा उचलून कचऱ्याच्या डब्यात रिकामा केला. हात पुसले. आणि म्हणाली, "आजोबांना हेच, हे कागदावर आहे का कुठे?" मी म्हटलं कागदावर कसं असेल, तीस वर्षं झाली. "मग झालं तर," ती म्हणाली आणि मला घरी पाठवलं. तपासून घे म्हटलं, भावाला आहे म्हणजे तुलाही असू शकतं, तर म्हणाली तुझ्या चिप्स जळतील, जा. मला तिचा असा राग आला. या माणसांना सत्य हातात आणून दिलं तरी पावती मागतात.

सप्टेंबरमध्ये साठा पन्नासच्या खाली आला. रंगही उतरला, आता तो आमच्यासारखाच दिसतो, कच्च्या पिठासारखा. बोटं मात्र तशीच, ती जात नाहीत म्हणाले. मेडिकलच्या सकाळी परत तोच फॉर्म. मी टाइप करतेय, तो मागे, चहाचा मग दोन्ही तळव्यांत. वडिलांच्या मृत्यूचं कारण? मी थांबले, मागे बघितलं नाही. "लिव्हर," तो म्हणाला. "लोह साठल्यामुळे. निदान झालं नव्हतं." मी टाइप केलं. "पुढे लिही, दारू नाही." मी म्हटलं, डॅडी, विचारलेलं नाही त्यांनी. "लिही." लिहिलं. "कधीच नाही. थेंबसुद्धा नाही." चौकोन लाल झाला. अक्षरं जास्त झाली. आधी 'थेंबसुद्धा' काढलं, तरी लाल. मी शिव्या घातल्या. तो वाकला, इतका जवळ की त्याचा चहाचा श्वास लागला मानेला, आणि म्हणाला, "निदान झालं नव्हतं, हे काढ. ते त्यांचं त्यांना कळेल. दारू कधीच नाही, हे ठेव." चौकोन पांढरा झाला. आणि स्काहिलने त्या दिवशी वेटिंगमध्ये हात पुढे केला नाही, कोपर केलं. फॉर्म माझ्यासमोरच वाचला. त्या ओळीपाशी थांबला, चष्मा काढला, परत घातला, आणि काही न विचारता सही करायला पेन डॅडीकडे सरकवलं. अकराव्या दिवशी सर्टिफिकेट आलं. दर सहा महिन्यांनी आकडे पाठवायचे, रक्त काढल्यावर एक दिवस जमिनीवर. दुसऱ्या पायलटचा उल्लेख नव्हता. मी तीनदा वाचलं. उलटून मागेही बघितलं.

त्या फॉर्मची एक प्रत मी छापली आणि आत्याच्या दारातून आत सरकवली. चिठ्ठी वगैरे काही नाही. पावती हवी होती ना, घे.

पहिल्या फेरीला मी गेले होते, वजन करायच्या काट्यापाशी उभी होते, आणि आत्या आली. चर्चचा कोट घालून. ती आजोबांच्या दफनानंतर एकदाही बेटावर गेलेली नाही. हातात चहाची जुनी पत्र्याची डबी. काट्यावरचा माणूस म्हणाला, "बाई, ती पिशवी पण ठेवा." "पिशवी नाही, डबी आहे." "काय आहे त्यात?" आत्याने झाकण उघडायचा प्रयत्न केला. तिची बोटं वळेनात. मी बघितलं. अंगठ्याशेजारची दोन, मुळाशी सुजलेली. इतकी वर्षं माझं लक्ष डॅडीकडे, आणि ही रोज समोर कांदा कापत होती. मी डबी घेतली, झाकण उघडलं. आत पिन. येशूचं हृदय, कडेने काळं पडलेलं. "लोक बघायला येतील म्हणून मीच काढली," आत्या म्हणाली. माझ्याशी नाही, काट्याशी. "शवपेटीत झोपवलेल्या माणसाच्या कोटावरून. बावीस वर्षांची होते. म्हटलं हसतील. रात्रभर शोधलं होतं मी, बाटली, छपरावरसुद्धा चढले होते." डॅडी विमानाकडून चालत आला होता, कानावरचा हेडफोन गळ्यात. त्याने पिनकडे बघितलं. "तुझ्या कोटाला लावू?" मी म्हटलं. "नको," तो म्हणाला, "मी शपथ घेतलेली नाही. ज्याची आहे त्याला देऊ." मग आत्याला म्हणाला, "डेलिया, हात दाखव." "माझे हात ठीक आहेत." "शुक्रवारी माझ्याबरोबर येतेयस." "मला कामं आहेत शुक्रवारी." "येतेयस." ती काही बोलली नाही. आमच्यात हे हो असतं.

काट्यावरच्या माणसाने आकडा लिहिला, बाकीच्यांचे आकडे बघितले, हिशोब केला आणि म्हणाला, "बाई पुढे. पायलटच्या शेजारी." मागून बाब्स कोंबड्यांच्या खाद्यासकट पुढे सरसावली, ती माझी जागा, म्हणाली, मी तिथेच बसते नेहमी. "आज नाही," डॅडी म्हणाला. "आणि बाब्स, आज उतरल्यावर मी वर दफनभूमीत जाणार आहे. परतीची फेरी अर्धा तास उशिरा. कुणी विचारलं का, तर सांग. का जाणार ते पण सांग, मी सांगतो तुला, बस."

ते उडाले तेव्हा मी गाडीत जाऊन बसले. परत न्यायला शेजारी पक्क्या लायसन्सवालं कुणीच नव्हतं. म्हणजे ते दोघं परत येईपर्यंत मला तिथेच, त्या वाऱ्यात, बसून राहायचं होतं. डोकंच फिरलं. डॅडीचा तो वायरलेस गाडीतच होता, मी तो लावला.